फट दिसली की धावायचं?

अमेरिकन फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे अजूनही एकच प्रतिक्रिया येते. ‘तो हेल्मेट घालून मारामारी करायचा गेम ना?’ मीही त्यातलाच होतो. २००७ च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला टेक्सासमधल्या लबकला पोचलो तेव्हा दोन गोष्टी पक्क्या ठरवल्या होत्या. जीपीए सांभाळायचा आणि फुटबॉलच्या भानगडीत पडायचं नाही. दुसरी गोष्ट पहिल्याच सेमिस्टरला बोंबलली. लबकमध्ये शनिवारी दुसरं करणार काय? सपाट जमीन, कापसाची शेतं, सुसाट वारा आणि टेक्सास टेकची मॅच. किक-ऑफला पब्लिक चक्क तोर्तिया भिरकावायचं. मेक्सिकन पोळ्या हो! अन्न असं उधळलेलं बघून माझ्यातला नाशिककर हळहळला. पण तिसऱ्या मॅचला मीही एक भिरकावली.

टेकचा कोच होता माईक लीच. वल्लीच! वकिलीची डिग्री घेतलेला, स्वतः कॉलेज फुटबॉल कधीच न खेळलेला, आणि प्रेस कॉन्फरन्समध्ये समुद्री चाच्यांवर तासभर बोलू शकणारा. हॅल ममीबरोबर त्याने घडवलेल्या अटॅकचं नाव ‘एअर रेड’. बॉल घेऊन पळण्यापेक्षा तो फेकण्यावर सगळा भर. पण मला वेड लावलं ते फेकण्याने नाही. मी बघत बसायचो ती समोरच्या पाच जाडजूड गड्यांची रांग. कारण ती रांग इतकी विरळ असायची की शेवटच्या टॅकलला बाकीच्यांनी वाळीत टाकलंय असं वाटावं.

हे प्रकरण मला समजावलं माझ्या रूममेटने. टेक्सासच्याच एका छोट्या गावचा पोरगा, शाळेत लाइनबॅकर खेळलेला. आईने सोबत दिलेला मिसळणाचा डबा त्याने किचनच्या टेबलावर उघडला आणि सातही वाट्या बाहेर काढल्या. हळद मधोमध, ती सेंटर. तिच्या दोन्ही बाजूंना जिरं आणि मोहरी, हे गार्ड. टोकांना धणे आणि मेथी, हे टॅकल. मागे तिखटाची वाटी म्हणजे क्वार्टरबॅक. उरलेला हिंग समोर, म्हणजे तो स्वतः.

‘बाकीच्या टीम दोन वाट्यांमध्ये साधारण दोन फूट जागा ठेवतात,’ तो म्हणाला. ‘लीच तीन ठेवतो, चार ठेवतो, कधी त्याहूनही जास्त.’ आणि त्याने वाट्या पसरल्या. हळद आणि मोहरीच्या मध्ये हे भलंमोठं भगदाड! मी म्हटलं, ‘मग सोप्पंय की. हिंग सरळ आत घुसव.’

तो हसला. शाळेत एका मॅचमध्ये त्याने रात्रभर हेच केलं होतं म्हणे.

आता गंमत बघा. क्वार्टरबॅकवर सगळ्यात जास्त धाड पडते ती टोकावरून येणाऱ्या डिफेन्सिव्ह एंडची. रांग पसरली की तोही बाहेर सरकतो. एका बाजूला दोन फटी, प्रत्येक फट दोन फुटांनी वाढली, म्हणजे तो नेहमीपेक्षा चार फूट लांबून पळत येणार. एअर रेडमध्ये बॉल दोन-अडीच सेकंदांत हातातून सुटतो, तिथे चार फूट म्हणजे फार झाले. मग राहतो मधला रस्ता. तिथे मागचा एखादा लाइनबॅकर वेगाने घुसवायचा, हा झाला ब्लिट्झ. पण मधल्या तिघांना सक्त ताकीद असते की आतली फट आधी बंद करायची, बाहेरून येणारा जाऊ दे लांबचा फेरा मारून. शिवाय मागे रनिंग बॅक उरलासुरला घुसखोर अडवायला उभाच. आणि समजा हिंग पोचलाच आत, तरी तो ज्या जागेवरून उठला ती जागा रिकामी झालेली असते. लीचचे दोन रिसीव्हर नेमके तिथूनच एकमेकांना छेद देत आडवे पळत असतात. क्वार्टरबॅक बघतो, पाच यार्डांचा छोटासा पास टाकतो, आणि घुसलेला गडी वळून बघेपर्यंत रिसीव्हर वीस यार्ड पुढे!

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर कॅप्टनने कव्हर्स मुद्दाम मोकळं सोडलंय, ऑफ स्पिनर बाहेर टाकतोय, आणि बॅट्समन ड्राइव्ह मारायला हात शिवशिवतायत म्हणून फसतोय. फट चुकून राहिलेली नसते राव, ती आमिष म्हणून ठेवलेली असते.

१ नोव्हेंबर २००८. नंबर वन टेक्सास आमच्या गावात. दीड मिनिट उरलं असताना ते ३३-३२ ने पुढे गेले. मग ग्रॅहम हॅरेलने छोटे-मोठे पास टाकत टीम पुढे सरकवली आणि एक सेकंद शिल्लक असताना मायकल क्रॅबट्रीने साइडलाइनला बॉल पकडून एंड झोन गाठला. ३९-३३! मॅच संपायच्या आधीच पब्लिक मैदानात घुसलं, त्याची पेनल्टीसुद्धा बसली. माझा आवाज तीन दिवस बसला होता.

आता जरा घरचं सांगतो. त्याच वर्षी मार्चमध्ये आई गेली होती. बाबा नाशिकला एकटे. लबकची शनिवार रात्र म्हणजे तिकडची रविवार सकाळ, त्यामुळे मॅचहून आलो की कॉलिंग कार्ड खरवडून फोन लावायचा, हे ठरलेलं. बाबा मुळात कमी बोलणारे. आई असताना फोनवर तीच असायची, बाबा मागून ‘पैसे आहेत का विचार’ एवढंच म्हणायचे. आता फोनवर नुसत्या फटी. आणि फट दिसली की मी घुसायचो.

‘गोळ्या घेताय ना?’

‘हो.’

‘डॉक्टरांकडे गेला होतात?’

‘जाऊन आलो.’

‘डबा वेळेवर येतो?’

‘येतो. इथे थंडी पडायला लागलीय.’

झालं! पाच यार्डांचा पास आणि बाबा निसटले. मी मात्र कर्तव्य केल्याच्या समाधानात झोपायचो. क्रॅबट्रीच्या रात्रीही हेच झालं, फक्त माझा आवाज फाटलेला होता.

तीन आठवड्यांनी, २२ नोव्हेंबरला, नंबर दोनवर पोचलेली टेक ओक्लाहोमाच्या घरी नॉर्मनला गेली. गंमत म्हणजे १९९९ मध्ये लीच याच ओक्लाहोमाचा ऑफेन्स चालवायचा. त्यामुळे पसरलेली रांग बघून बॉब स्टूप्स दचकायचं कारण नव्हतं. हाफटाइमलाच ४२-७, शेवटी ६५-२१. आम्ही टीव्हीसमोर पुतळे झालो होतो. रूममेट एकटाच बघत होता की ओक्लाहोमाचे पुढचे चौघं काय करतायत. त्यांच्याकडे गेराल्ड मॅकॉयसारखा टॅकल होता, जो पुढे २०१० च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये तिसरा निवडला गेला. ‘पुढच्या चौघांनीच काम झालं तर मागून कुणाला पाठवायची गरजच काय?’ तो म्हणाला. ‘मागचे सात जागेवर राहतात. मग छोटा पास टाकायचा कुणाला?’

(पुढे तर याची परिसीमा झाली. लीच वॉशिंग्टन स्टेटला गेला तेव्हा क्रिस पीटरसनची वॉशिंग्टन टीम बहुतेक वेळा फक्त तिघांना पुढे पाठवून आठ जणांना मागे थांबवायची. २०१४ ते २०१९, सलग सहा वर्षं लीच त्यांच्याकडून हरला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये तो अचानक गेला, तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये बातमी वाचली आणि शेजारच्या कुणालाही काही सांगू शकलो नाही. सांगणार तरी काय?)

त्या रात्रीही फोन लावला. बाबांनी ‘हं, बोल’ म्हटलं. मला बोलायला काहीच सुचेना. घसा ठीक होता, पण ६५ पॉइंट खाल्ल्यावर कुणाला कसलं काय विचारणार? कार्डावरची मिनिटं संपत होती. तिकडे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली. एक मिनिट गेलं असेल.

‘अरे,’ बाबा म्हणाले, ‘प्रेशरच्या गोळ्या बंद आहेत.’

मी तोंड उघडलं आणि कसंबसं मिटलं.

‘महिना झाला. रिकामं पाकीट केमिस्टला दाखवायचं असतं. ती कुठल्याशा डब्यात ठेवायची. मी सगळे डबे बघितले. नाव काही मला आठवत नाही. आणि डॉक्टरांकडे जायचं तर ते तिच्याबद्दल विचारणार.’

आठ महिन्यांत बाबांनी पहिल्यांदाच एवढी वाक्यं एका दमात बोलली असतील. मी टेबलावरचा मिसळणाचा डबा बघत बसलो.

‘ऐकतोयस ना?’

‘ऐकतोय बाबा.’

मग त्यांनी डब्यांचं सांगितलं. एकात तिने जुनी रेशनची पावती ठेवली होती, एकात माझा दुधाचा दात. कुठल्यातरी डब्यात पाकीट असणारच, आज परत बघतो म्हणाले. नाहीच मिळालं तर खालच्या काकांना घेऊन डॉक्टरांकडे जाईन, असंही म्हणाले. मी सुचवलेलं नव्हतं.

कार्डावर दोनेक मिनिटं उरली होती.

‘तुमच्या मॅचचं काय झालं?’

‘हरलो. पासष्ट-एकवीस.’

‘अरेरे,’ बाबा म्हणाले. ‘बॉलिंगच नव्हती का तुमच्याकडे?’