सर उभे राहतायत

आमचे गणिताचे सर कोकण शिक्षक मतदारसंघातून अपक्ष उभे राहतायत. स्टाफरूममध्ये हशा पिकला. मी हसलो नाही, पण अर्ज भरू नका असंही म्हणालो नाही.

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पाच जिल्हे. विधान परिषदेच्या 78 जागांपैकी शिक्षकांच्या वाट्याला 7, त्यातली ही एक. गंमत अशी की उमेदवार शिक्षक असलाच पाहिजे असं घटनेत नाही. मुंबईतून तीनदा निवडून आलेले कपिल पाटील मूळचे पत्रकार. मतदाराला मात्र अट आहे: माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत गेल्या 6 वर्षांत किमान 3 वर्षं शिकवलेलं हवं. सरांच्या बायको जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवतात, म्हणजे नवऱ्याला मत देण्याची सोय नाही! ज्यांनी पाटीवर पहिला आकडा गिरवून घेतला, त्यांनाच यातून वगळलंय, हे मला खटकतं.

प्रचाराला मुद्दे तेच: जुनी पेन्शन, अनुदानाचे रखडलेले टप्पे, मानगुटीवर बसलेलं ऑनलाइन माहिती भरण्याचं काम. सरांना खरी काळजी आहे ती मतपत्रिकेची. इथे मशीन नाही; केंद्रावरच्या जांभळ्या पेनानं पसंतीचा आकडा लिहायचा. अक्षरात ‘एक’ लिहिलं किंवा सही ठोकली, की मत बाद. आयुष्यभर पेपर तपासणारेच इथे चुकतात.

म्हणून सर सभेत भाषण करत नाहीत, फळा मागतात. जिंकायला लागणारा मतांचा कोटा कसा काढतात, दुसऱ्या पसंतीची मतं कशी फिरतात ते सोडवून दाखवतात. काल राजापूरला कुणीतरी विचारलं, “सर, पण तुम्ही करणार काय?” सर म्हणाले, “थांबा, आधी कोटा काढू.”