राणीसाहेबांचा मुक्काम

आमच्या घरीं प्रथमच येणारा पाहुणा माजघरांतील फडताळाकडे वळला म्हणजे आमच्या पोटांत किंचित् कालवतें. त्या फडताळाच्या दुसऱ्या फळीवर, लाल जिलेटीनच्या कागदाखालीं, एक काचेची नळी व तिला जोडलेली एक काचेची पेटी आहे, आणि त्या दोहोंत मिळून बरेच मुंगळे राहतात. पाहुणा सहानुभूतीनें म्हणतो, "औषध मारा कीं!" येथपर्यंतचें संभाषण ठरलेलें आहे. मुंगळे आपण होऊन शिरलेले नसून आम्हींच पाळलेले आहेत, हें सांगितल्यावर जें होतें तें मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावानुसार. एक सद्गृहस्थ चहाचा पेला उचलून थेट ओसरीवर जाऊन बसले, ते निरोप घेईपर्यंत आंत आले नाहींत.

कोल्हापुरांत मुंगळे पाळणें म्हणजे समुद्रकांठीं मीठ विकत घेण्यासारखें आहे, हें आम्हांस मान्य आहे. गुळाची ढेप आणि मुंगळा यांचा स्नेह येथें कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. परंतु गुळावर दिसतो तो केवळ घराबाहेर पडलेला चाकरवर्ग. ज्या एका मातेपासून हें सारें गणगोत निर्माण होतें ती जमिनीखालीं अंधारांत असते, आणि तिचें दर्शन वर्षांतून एखाद्या संध्याकाळीं, तेंही नशीब असेल तर, घडतें.

आमच्या या वेडाचें खापर फोडावयाचेंच तर तें सर जॉन लबक या इंग्रज गृहस्थाच्या माथीं फोडावें लागेल. हे पेशानें पेढीवाले, पार्लमेंटचे सभासद आणि डार्विनचे शेजारी. इंग्लंडांतील बँकांना हक्काच्या सुट्या देणारा १८७१ चा कायदा त्यांच्याच खटपटीनें झाला. आम्हीं तीस वर्षें बँकेंत कारकुनी केलेली असल्यामुळें एवढ्यावरच त्यांना गुरु मानण्यास तयार होतों. पण या माणसानें दोन काचांच्या फटींत माती भरून मुंग्या पाळल्या आणि १८८२ सालीं त्यांवर ग्रंथ लिहिला. त्यांनीं १८७४ त पकडलेली एक राणी १८८८ पर्यंत जगली! वारुळावर रंगीत कांचा ठेवून त्यांनीं असेंही पाहिलें कीं, मुंग्या जांभळ्या प्रकाशाखालून आपलीं पिल्लें हलवितात आणि लाल प्रकाशाखालीं अंधारांत असल्याप्रमाणें निश्चिंत बसतात. आमच्या नळीवरील लाल कागदाचें मूळ तेथें आहे. कागद मात्र गणपतीच्या आराशीतला.

पंख फुटलेली मुंगी मेली म्हणून समजावी, असें आपल्याकडे म्हणतात. हें बहुतांशीं खरें आहे. मृगाच्या सुमारास पहिले पाऊस पडले कीं वारुळांतून पंखवाले नर आणि भावी राण्या बाहेर पडतात. (दिव्यावर झेपावून पंखांचा खच पाडणारी ती बहुधा वाळवी, मुंगीची बारीक कंबर आणि कोपरांत वांकल्यासारखी मिशी पाहिली म्हणजे घोटाळा होत नाहीं.) नर थोड्याच वेळांत मरतात. राण्यांपैकीं बहुतेकींना कावळे, पाली आणि बेडूक खातात. जी उरते ती जमिनीवर उतरून आपले पंख आपणच पाडते, बीळ कोरते आणि आंतून दार लावून घेते. त्या एका उड्डाणांत मिळालेलें बीज तिला जन्मभर पुरतें. मुंगळ्यांची राणी पहिलीं मुलें मोठीं होईपर्यंत बाहेर अन्नासही जात नाहीं. उडण्याचे स्नायू आतां निरुपयोगी झालेले असतात, ते विरघळवून त्यांवरच ती स्वतः जगते आणि अळ्यांनाही भरविते.

हें सर्व आम्हीं वाचलें होतें. २०१९ च्या जून महिन्यांत परसांतील तुळशीवृंदावनापाशीं पाऊण इंच लांबीची एक पंख गळालेली राणी सांपडली, तेव्हां आम्हीं तिला काचेच्या नळींत ठेवलें. नळीच्या तळाशीं पाणी, त्यावर कापसाचा बोळा, तोंडाशीं दुसरा बोळा. बस्स, एवढाच संसार. चौथ्या दिवशीं तिनें अंडीं घातलीं आणि आमचें चित्त थाऱ्यावर राहिलें नाहीं. सकाळीं पाहिलें, दुपारीं पाहिलें, रात्रीं विजेरी लावून पाहिलें. राणी दचके आणि अंडीं तोंडांत धरून सैरावैरा धांवे. दहाव्या दिवशीं अंडीं दिसेनाशीं झालीं: तिनें तीं खाऊन टाकलीं होतीं. पुन्हां घातलीं, पुन्हां खाल्लीं. श्रावण लागतां लागतां ती मेली. "बघून बघून मारलीत तुम्ही तिला," असें सौभाग्यवती म्हणाल्या. त्यावर उत्तर नव्हतें.

आमच्या मातोश्रींचा आक्षेप निराळाच होता. त्या आयुष्यभर मुंग्यांच्या बिळांपाशीं चिमूट चिमूट पीठसाखर घालीत आल्या. "मुंग्यांना खाऊं घालायचं असतं रे, कोंडायचं नसतं," एवढें बोलून त्या गप्प बसल्या. पण पुढल्या वर्षीं, टाळेबंदीच्या जूनमध्यें, त्याच वृंदावनापाशीं दुसरी राणी दिसली ती प्रथम त्यांनाच. आणि हांक मारली तीही त्यांनींच! अट मात्र घातली. नळी त्यांच्या निजावयाच्या माजघरांत राहील आणि आम्हांस दर्शन फक्त शनिवारीं. माजघर हें घरांतील सर्वांत काळोखाचें व सर्वांत कमी धक्क्याचें ठिकाण, त्यामुळें शास्त्रदृष्ट्याही तें योग्यच होतें. राणीपाशीं पहारा बसला तो बहुधा आमच्याविरुद्धच.

तिसऱ्या शनिवारीं अळ्या दिसल्या. पांचव्या शनिवारीं त्यांनीं स्वतःभोंवतीं रेशमी कोश विणलेले होते. भिंतीवरून मुंग्या जीं पांढरीं 'अंडीं' नेतांना आपण पाहतों ते वस्तुतः पुष्कळदां हे कोशच असतात. सातव्या शनिवारापूर्वींच मातोश्रींना ताप आला.

त्या जुलै-ऑगस्टांत कोल्हापुरांत करोनाची सांथ भडकली होती. खाट कोठें मिळेना. ताप सौम्य आहे, घरींच निराळें ठेवा, असें डॉक्टरांनीं सांगितलें, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आमच्या आईच्या खोलीचें दार आम्हीं सतरा दिवसांकरितां बाहेरून ओढून घेतलें. जेवणाचें ताट उंबऱ्याशीं ठेवावें, मागें सरावें, आणि त्यांनीं दार किलकिलें करून तें आंत घ्यावें. नळी आंतच राहिली. तिचा विचारही कोणाच्या मनांत आला नाहीं.

सहाव्या दिवशीं पहांटे पांच वाजतां आमचा फोन वाजला. माजघरांतून होता. आदल्या रात्रीं प्राणवायूचा आंकडा एक्याण्णवावर आलेला होता, आणि तो फोन उचलून कानाशीं नेईपर्यंत आम्हीं काय काय ऐकलें तें येथें लिहीत नाहीं.

"ऊठ कीं," आई धापा टाकीत म्हणाल्या. "एक बाहेर आली."

"कोण बाहेर आली?"

"एवढीशी आहे. आईनंच कोश फाडून काढली तिला. चाटतीय बघ."

ज्या क्षणाची आम्हीं वर्षभर वाट पाहिली तो क्षण आम्हीं पाहिला नाहीं. आणि, खरें सांगावयाचें तर, त्या वेळीं मुंगीबद्दल आम्हांस कांहीं वाटलेंही नाहीं. आम्ही फोन हातांत धरून कॉटवर तसेच बसून राहिलों.

तेव्हांपासून सकाळ-संध्याकाळ दोन आंकडे एकत्रच येऊं लागले. "दोन मुंग्या, ब्याण्णव." "तीन मुंग्या, ब्याण्णव." एके दिवशीं "चार मुंग्या," एवढेंच बोलून त्यांनीं फोन ठेवला, दुसरा आंकडा सौभाग्यवतींनीं दाराबाहेरून तीनदां विचारून काढून घेतला. तो नव्वद होता. ती रात्र आम्हीं दोघांनीं उंबऱ्याशीं बसून काढली. आंतून खोकला ऐकूं आला कीं बरें वाटे. थांबला कीं भीति वाटे.

मुंग्या बाहेर आल्या म्हणजे आतां राणीला व त्यांना अन्न हवें. हें काम करणार कोण? दाराआडून आम्हीं सूचना दिल्या: बोळा हळूच सैल करावा, काडीच्या टोंकावर मधाचा थेंब घ्यावा, जास्त नको. आंतून "बरं" असें उत्तर आलें. बऱ्याच दिवसांनीं समजलें कीं त्यांनीं मध वापरलाच नव्हता. गूळ पाण्यांत कालवून दिला होता. "कोल्हापूरच्या मुंग्यांना मध कशाला?" त्या गूळपाण्यानें पोट भरलेली एक मुंगी राणीच्या तोंडाला तोंड लावून आपल्या पोटांतला घांस तिला देते आहे, हें दृश्यही प्रथम पाहिलें तें त्यांनींच. वास्तविक मुंगीच्या शरीरांत स्वतःच्या जठराखेरीज असा एक निराळा सामाईक कोठाच असतो, आम्हीं तें नंतर समजावून सांगूं लागलों तेव्हां त्या म्हणाल्या, "मला दिसलंय ते. तूं वाचलंस."

अठराव्या दिवशीं दार उघडलें. आई अर्ध्या झाल्या होत्या. नळींत सात मुंग्या होत्या. पहिल्या वेताच्या मुंग्या अपुऱ्या पोषणामुळें नेहमींच खुज्या असतात. आम्हीं त्यांकडे पाहिलें, पण फार वेळ नाहीं.

वर्षभरांत वंश वाढला आणि नळी अपुरी पडून पेटी जोडावी लागली. डोक्यानें थोराड असे मोठे मुंगळेही दिसूं लागले. मेलेली माशी पुरविणें हें आमचें काम. अळ्या तिच्यावर वाढतात. गूळ कालविण्याचा अधिकार आईंचा. कोंडण्यासंबंधींचा त्यांचा आक्षेप सुटला काय, हें आम्हीं विचारलें नाहीं. बिळांपाशीं पीठ घालणें मात्र त्यांनीं सोडलें नाहीं.

मग २०२१ चा जुलै आला. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशीं ४३ फूट. त्या पुरांत पाणी ५५ फुटांच्या पलीकडे गेलें. २०१९ चा अनुभव ताजा होता, म्हणून पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशीं येतांच आम्हीं कागदपत्रें, धान्य आणि राणीसाहेबांची पेटी माडीवर नेली. परसांत घोट्याएवढें पाणी सांचलें होतें. सकाळीं आई माडीच्या खिडकीशीं खुर्ची ओढून बसल्या होत्या. तुळशीवृंदावन निम्मे बुडालें होतें, आणि त्याच्या बाजूच्या भिंतीवरून, पावसाचा ओघ टाळीत, मुंगळ्यांची एक लांबच लांब रांग वर चढत होती. प्रत्येकाच्या तोंडांत पांढरा कोश.

"दुकानं बंद आहेत, पीठ जपून वापरा हं," सौभाग्यवती जिन्यावरून म्हणाल्या.

आईंनीं मान डोलावली. त्या कधीं रांगेकडे, कधीं कोपऱ्यांतील लाल कागदाकडे पाहत होत्या.

"ह्यांत आपल्या राणीच्या माहेरचं कुणी असेल काय रे?"

राणी तर त्याच वृंदावनापाशीं सांपडलेली. आम्हीं पिठाचा डबा त्यांच्या हाताशीं नेऊन ठेवला.