खांब गांवचें गोत्र

गेल्या श्रावणांत रोह्यास जाण्याचा योग आला. नागोठणें मागें टाकून कोलाडच्या अलीकडे गाडी थोडा वेळ खांब गांवीं थांबली. महामार्गाच्या दोहों बाजूंस हिरवीं भातशेतें, पलीकडे ढगांत बुडालेले डोंगर. पाटीवरील दोन अक्षरें वाचतांच मन तीस वर्षें मागें गेलें.

त्या वेळीं मी या तालुक्यांतील एका शाळेंत इंग्रजी शिकवीत होतों. खांबचा एक मुलगा माझ्या वर्गांत होता. त्याची अव्यवस्थित वही सर्वांसमक्ष उंच धरून मीं म्हटलें, "ही वही म्हणजे शॅम्बल्स आहे!" त्यानें भीत भीत विचारलें, "सर, हा शब्द आला कोठून?" मला अर्थापलीकडे कांहींच ठाऊक नव्हतें. तें झांकण्यासाठीं मीं म्हटलें, "तूं खांबचा ना? मग खांबासारखा उभा राहा." वर्ग हंसला. तो तास संपेपर्यंत उभा राहिला. पुन्हां त्यानें मला कधींही प्रश्न विचारला नाहीं.

निवृत्तीनंतर कोश चाळतांना उत्तर सांपडलें. संस्कृत 'स्कन्ध' शब्दाचा प्राकृतांतून जसा 'खांदा' झाला, तसाच 'स्कम्भ' शब्दाचा 'खंभ' व पुढें 'खांब' झाला. मूळ धातूचा अर्थ आधार देणें. अथर्ववेदाच्या १० व्या कांडांतील ७ वें सूक्त या स्कम्भाचेंच असून तेथें तो अखिल विश्वाचा आधार आहे. त्याच मुळापासून लॅटिन भाषेंतील 'स्काम्नुम्', म्हणजे बांक, हा शब्द निघाला असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्याचें लघुत्ववाचक रूप जुन्या इंग्रजींत 'शामोल' झालें. त्याचा अर्थ प्रथम बसण्याचें वा पाय ठेवण्याचें आसन, मग खाटकाचा मांस विकण्याचा फळा, मग मांसबाजार, १६ व्या शतकांत कत्तलखाना, आणि २० व्या शतकांत नुसता गोंधळ! इंग्लंडांतील यॉर्क शहरीं 'शॅम्बल्स' नांवाची जुनी खाटिकगल्ली अद्याप आहे.

म्हणजे ज्या शब्दानें मीं त्या मुलास हिणविलें आणि ज्या शब्दावरून वर्गाला हंसविलें, ते दोन्ही एकाच गोत्राचे! त्याचा प्रश्न किती मोलाचा होता!

चौकशी करितां तो नोकरीनिमित्त परगांवीं असतो असें समजलें. घरांतील मुलानें विचारलेलें आपणांस ठाऊक नसेल, तर "उद्यां पाहून सांगतों" एवढेंच म्हणावें. मला तें तीस वर्षें उशिरां सुचलें.