खोर आणि जादा

शिवीचा अर्थ काय, हा प्रश्न भाषाविज्ञानाच्या तासाला सहसा कुणी विचारीत नाही. अर्थसंकोच, अर्थविस्तार, अर्थापकर्ष या संज्ञा शिकवल्या जातात, पण उदाहरणे सोवळ्यातली निवडली जातात. आमचे बहुतेक विद्यार्थी भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून येतात. अर्थापकर्ष समजावताना आम्ही एकदा 'मवाली' हा शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, हा मावळ्यावरनंच आला असेल ना? पुण्यात आम्हांला असंच म्हणतात."

व्युत्पत्तीचे उत्तर सोपे होते. मावळा म्हणजे सूर्य मावळतो त्या बाजूच्या खोऱ्यांतला, हिरडस किंवा गुंजण मावळातला माणूस. मवाली मात्र अरबीतून फारसी-उर्दूमार्गे आलेला. तो 'मौला' या शब्दाच्या अनेकवचनाशी जोडला जातो. मौला म्हणजे धनी, आणि धन्याच्या आश्रयाला असलेला माणूसही. उमय्या खलिफांच्या काळात अरब टोळ्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या अरबेतर मुसलमानांना मवाली म्हणत. धर्म एक असूनही त्यांचे स्थान दुय्यम होते. 'मौलाना' हा आदरार्थी शब्द त्याच धातूतला. एकाच कुळातला एक शब्द गादीवर बसला, दुसरा नाक्यावर.

पण त्या मुलाच्या प्रश्नाचे समाधान एवढ्याने होत नाही. त्याला झोंबले होते ते ध्वनिसाम्य नव्हे, डोंगरातला असण्यावरचा शेरा. इंग्रजीत पाहावे. चित्रपटातल्या दुष्टाला आपण 'व्हिलन' म्हणतो. तो शब्द मूळचा लॅटिनमधल्या 'व्हिला'चा, म्हणजे जमीनदाराच्या शेतवाडीवर राबणाऱ्या माणसाचा. असभ्य माणसाला इंग्रज 'बूर' म्हणतात, त्याच्या मुळाशीही डच शेतकरीच आहे. उर्दू-हिंदीतला 'गँवार' आणि आपला 'गावंढळ' यांत तर गाव उघडच दिसते. या साऱ्या शब्दांत शेतात राबणाऱ्याने अपराध केलेला नाही. फक्त त्याला नाव ठेवणारा शहरात किंवा वाड्यात बसलेला आहे.

भोरला शब्दांच्या शुद्धीकरणाचा इतिहास जवळचा आहे. 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास 'सुरनीस' या फारसी पदाचे 'सचिव' झाले, आणि तेच पद पुढे पंतसचिवांच्या रूपाने 1948 पर्यंत भोर संस्थानाची ओळख होऊन राहिले. राज्यव्यवहारकोशाने दरबारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. शिव्यांकडे मात्र कुणाला पाहावेसे वाटले नाही. हरामखोर, बदमाश, नालायक, बेशरम हे शब्द मराठीत असे रुजले की आज त्यांना परके म्हणणेच अवघड. आषाढात चिखलणी चालू असताना बैल भातखाचरात मटकन बसला, की धनी त्याला 'हरामखोर' म्हणतो. त्यात अरबी 'हराम' आहे, फारसी 'खोर' आहे आणि राग अस्सल मावळी आहे.

इथेच आम्हांला शिव्यांचा खरा भेद सापडतो. 'खोर' म्हणजे खाणारा. हरामखोर म्हणजे हक्काचे नसलेले खाणारा, खाल्ल्या मिठाला न जागणारा. लाचखोर आणि नफेखोर त्याचेच भाऊ. 'जादा' म्हणजे जन्मलेला. हरामजादा ही शिवी माणसाने काय केले ते विचारत नाही, त्याचा जन्म विचारते. इंग्रजीतल्या 'बास्टर्ड'चेही तेच. गंमत अशी की 'शहाजादा'तही हाच 'जादा' आहे. जन्मावरून एकाला मुजरा, दुसऱ्याला शिवी.

आई-बहिणीवरच्या शिव्या या दुसऱ्या जातीच्या. भांडण दोन पुरुषांचे, आणि घाव समोर नसलेल्या बाईवर. जातीची नावे शिवीसारखी वापरली जातात तीही याच जातीची. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवी देणे हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरला. शिवीचा अर्थ कोशात संपत नाही, हे कायद्याला कळले. आमच्या पाठ्यपुस्तकांना अजून कळायचे आहे.

शिव्यांविरुद्ध सरसकट सोवळे पाळावे असे आम्हांला वाटत नाही. लाचखोराला लाचखोर म्हणता आले नाही तर भाषा नुसतीच सभ्य उरेल. 'खोर' लागलेल्या माणसाला सुटका असते, उद्या त्याने खाणे थांबवले की शब्द गळून पडतो. 'जादा' लागलेल्याला करण्यासारखे काहीच उरत नाही. म्हणून आम्ही वर्गात दोन रकाने आखतो, एक कृतीचा, एक जन्माचा, आणि मुलांना ऐकलेले शब्द त्यांत घालायला सांगतो. जे शब्द कुणाला मोठ्याने वाचवत नाहीत, त्यांची सक्ती करीत नाही. दरवर्षी जन्माचा रकाना आधी भरतो, आणि 'गावंढळ' त्यात कुणीतरी लिहितेच.