आश्विनातले सीमोल्लंघन

पंचांगाचे वर्ष चैत्री पाडव्यास सुरू होते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु आमच्या फोंडे महालात मनाचे वर्ष उघडते ते आश्विनात. चार महिने कौलांवर कोसळणारा पाऊस एके दिवशी कोणाचा निरोप न घेता निघून जातो. ओसरीची ओल सुकते, देवळाच्या शेवाळलेल्या पायऱ्या खरवडल्या जातात, आणि पेटीत कुबट झालेली वस्त्रे उन्हात पडतात. पावसाळी भाताला आमच्याकडे ‘सरद’ म्हणतात व त्यानंतरच्या पिकाला ‘वायंगण’. या ‘सरद’ शब्दात शरदच लपला असावा, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. संस्कृतात तर शरद म्हणजे वर्षच. आशीर्वाद मागताना पूर्वज शंभर शरद मागत. पिकलेले शेत पाहिल्यावाचून वर्ष पुरे झाले असे त्यांना वाटत नसावे.

घटस्थापनेला देवळात रुजवण घालतात. मातीत धान्य पेरावयाचे व नऊ दिवस पाणी द्यावयाचे. आतल्या अंधारात ऊन लागत नाही, म्हणून अंकुर हिरवे न होता पिवळेच वाढतात. रात्री कीर्तन होते, आणि मग वाद्यांच्या गजरात देवाचे मखर झुलू लागते. त्या वेळी सभामंडपात तसूभर जागा उरत नाही. तरी आम्ही कित्येक वर्षे अशी जागा शोधीत असू, की जेथून आमचे थोरले बंधू दृष्टीस पडू नयेत.

वाचकांपासून लपविण्यात अर्थ नाही. 2010 साली, वडिलांच्या पश्चात, सरदाच्या शेताची वाटणी झाली. मधली मेर हातभर इकडे की तिकडे, एवढाच प्रश्न होता. त्यावरून शब्दाने शब्द वाढला आणि दादांचे व आमचे बोलणे थांबले. दादा आपला भाग करीत राहिले. आमचा पडीक पडला. मजूर मिळत नाहीत, हे कारण आम्ही सर्वांना सांगत असू. ते खोटे नव्हते, पण खरे कारणही नव्हते. त्यांच्या शेजारी राबण्याची आमची तयारी नव्हती. दर दसऱ्याला पालखीबरोबर सीमोल्लंघनास जावे, गावभर आपट्याची पाने वाटावी, आणि दीपस्तंभाशी दादा उभे असले की वळसा घालून घर गाठावे, हा आमचा परिपाठ होऊन बसला. सीमा ओलांडण्याच्या दिवशीच आम्ही एक सीमा जपत होतो. वहिनी मात्र दर वर्षी तोरणासाठी भाताच्या चार लोंब्या मुलाच्या हाती धाडीत. त्या कोणाच्या शेतातल्या, हे आमच्या घरात कोणी विचारीत नसे.

2024च्या जूनमध्ये आम्ही ट्रॅक्टर लावून शेत नांगरले व ज्योती जातीचे भात पेरले. असे का केले, ते सांगता येत नाही. त्या लोंब्या फुकट घेण्याची लाज वाटू लागली होती, एवढे खरे. दादांनी मेरेवरून पाहिले, पण बोलले नाहीत. पीक बरे आले. दसरा 12 ऑक्टोबरला होता. तोवर दाणा भरून पिवळा झाला, पण शेतात पाणी साचलेले. थोडे वारे सुटले असते तर सारे भात आडवे होऊन कुजले असते.

त्या संध्याकाळी आम्ही दीपस्तंभाला वळसा घातला नाही. दादांच्या हातावर आपट्याचे पान ठेवून वाकलो. वाकताना गुडघे दुखले. आमचेही वय साठीपलीकडचे आहे. दादा पान पाहत राहिले. मग म्हणाले, “तुझ्या बाजूला उतार नाही. मेर फोड आणि पाणी माझ्या शेतातून काढ. माझी कापणी झाली आहे.”

दुसऱ्या दिवशी खोरे घेऊन गेलो, तो मेर कोठे फोडावी तेथे काठी रोवून ठेवलेली होती. पाणी उतरायला दोन दिवस लागले. हातभर जमिनीचा निकाल अजून लागलेला नाही. कागद तलाठ्याकडे तसेच आहेत. मेर मात्र आम्ही दोघांनी मिळून पुन्हा बांधली, जुन्याच जागी, अदमासाने.