सतरंजीवरची झोप

"येत्या शनिवारी संध्याकाळी बैठक आहे. या वेळी फक्त मोठ्यांसाठी. गैरसमज नसावा." स्नेह्यांकडून असा निरोप आला, आणि गैरसमज मुळीच झाला नाही. तो कोणाला उद्देशून आहे हे आम्हा दोघांनाही पुरते ठाऊक होते.

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्याच दिवाणखान्यात तीस-पस्तीस श्रोते दाटीवाटीने बसले होते. ध्वनिवर्धक नव्हता. सूर्यास्ताची वेळ होती आणि गायिकेने मारवा मांडला होता. या रागात पंचम वर्ज्य, आणि षड्जही सहजी हाती लागत नाही. कोमल ऋषभ आणि धैवत यांच्याभोवती सूर घोटाळत राहतो आणि ऐकणाऱ्याचा जीव षड्जासाठी आसुसतो. बराच वेळ हुलकावणी देऊन गायिका आता षड्जावर येणार, एवढ्यात आमच्या सहा वर्षांच्या मुलीने खणखणीत आवाजात विचारले, "बाबा, ह्या आता थांबणार आहेत का?"

हशा पिकला. गायिकाही मोकळेपणाने हसल्या आणि त्यांनी षड्ज लावला. पण ज्या षड्जाची सगळी खोली वाट पाहत होती, तो हा नव्हता. निघताना काठी टेकत आलेले एक वृद्ध श्रोते आमच्यापाशी थांबले. न रागावता एवढेच म्हणाले, "मला आता महिन्यातून एकदाच बाहेर पडता येतं हो."

रागावले असते तर बरे झाले असते. आमच्याजवळ उत्तर तयार होते: मुलांच्या कानांवर गाणे पडणार तरी कधी? रसिक काय आभाळातून पडतात? त्यांच्या त्या एका वाक्यापुढे यातले काहीच उच्चारता आले नाही.

आमचा हा युक्तिवाद आमच्या बालपणातून आला होता. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू झालेला पुण्याचा महोत्सव आम्ही दोघांनीही लहानपणी, एकमेकांची ओळख होण्याच्या पुष्कळ आधी, रमणबागेच्या मैदानावर अनुभवला. मैफली रात्रभर चालत आणि सांगता भीमसेन जोशींच्या गायनाने होई. 'अनुभवला' म्हणायचे खरे. आम्ही झोपलो होतो. सतरंजीवर, शालीत गुंडाळलेले, डोके कोणाच्या तरी मांडीवर. मधूनच जाग येई, दूरवर दिव्यांच्या झोतात कोणीतरी हातवारे करताना दिसे, आणि पुन्हा डोळा लागे. गाण्याची आमची ओढ त्या झोपेतूनच आली, असे आम्ही आजवर मानत आलो.

पण नीट आठवून पाहिले, तर त्या चित्रात आम्ही सोयीस्करपणे काही गाळत होतो. ती मांडी बहुधा आजीची किंवा मावशीची असे. पोर कुरकुरले, की तिघींपैकी कोणीतरी एक उठून त्याला मंडपाबाहेर नेई. घरगुती बैठकींतही माजघर असे, तिथे पोरे आणि गप्पा दोन्ही मावत. मुले सर्वत्र असत याचे कारण त्यांना सांभाळणारी माणसेही सर्वत्र असत. आज दिवाणखान्याला लागून थेट स्वयंपाकाचा ओटा आहे आणि आजी साताऱ्याला आहे. महोत्सवही आता २०१८पासून मुकुंदनगरला भरतो आणि ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे रात्रभर चालत नाही. सतरंजीवरच्या त्या झोपेची सोयच उरलेली नाही.

आणखी एक कबुली दिली पाहिजे. मुलीला नेण्यात तिच्या संस्कारांइतकाच आमचा मिरवण्याचाही भाग होता. 'एवढीशी पोर, पण मारवा ऐकते!' हे ऐकायला आम्हाला आवडले असते. तिला स्वतःला त्या संध्याकाळी काय हवे होते, हे आम्ही विचारलेच नव्हते. तिने मात्र ते सर्वांसमक्ष सांगून टाकले.

मग घरी थांबायचे कोणी? इथे जुना हिशेब निघाला. गेल्या सहा वर्षांत पोटच्या पोरीसाठी कितीदा बैठक सोडली, हे बोटांवर मोजू लागलो आणि 'आम्ही' या शब्दालाच तडा गेला. सोडलेल्या जवळजवळ सर्व बैठकी आमच्यापैकी एकीच्याच नावावर निघाल्या. मुलीला सोबत नेण्याचा आग्रहही तिचाच असे, आणि तो का असे हे त्या रात्री प्रथमच उलगडले. तिच्यापुढे मुलीसह जाणे किंवा मुळीच न जाणे, एवढेच पर्याय होते. तिच्या या अडचणीलाच आम्ही इतकी वर्षे संस्काराचे नाव देत होतो.

असो. आम्ही जे ठरवले ते फार थोर नाही. बैठकीला आळीपाळीने एकेकाने जायचे. पहिल्या सहा पाळ्या तिच्या. डिसेंबरात महोत्सवाच्या एखाद्या दुपारी तिघांनी जायचे. तिथे पोर कंटाळले, तर कोणाच्या समाधीचा भंग न करता उठून खाद्यपदार्थांच्या ठेल्यांकडे जाता येते. घरगुती बैठकीला मुलगी येईल, ती स्वतः विचारील तेव्हा.

शनिवारी ती एकटी गेली. रात्री परतली तेव्हा मुलगी झोपली होती, घरात थांबलेलाही झोपला होता. सकाळी चहा घेताना तिने सांगितले, की ते काठीवाले आजोबा आले होते आणि त्यांनी आवर्जून विचारले, "छोकरी कुठाय?"

ते ऐकून आम्हाला आनंद झाला की अपराधी वाटले, हे अजून ठरलेले नाही.