निरोप कोणाचा?

आमच्या धर्मापुरीतली मोठी माणसे आता वाचनालयात पेपर चाळता चाळता मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "सर, ये सच्ची है क्या?" शाळा सुटल्यावर आम्ही दोघे-तिघे शिक्षक तिथे टेकतो, म्हणून हा प्रश्न आमच्याकडे येतो.

मोबाइल चालवता येत नाही, ही तक्रार आता फारशी राहिली नाही. साठीतले चाचाही व्हिडिओ लावतात. अडते ते दुसरीकडे. आलेला मजकूर कोणाचा, हे कोणी बघत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. महिन्याचे १५०० रुपये म्हणजे आमच्याकडे किराणा, मुलांच्या वह्या, सासूची औषधे. ते बंद होतील या धास्तीने बायका मिळेल ती लिंक उघडू लागल्या, आणि त्याच दिवसांत योजनेच्या नावाची बनावट संकेतस्थळे निघाली. एका भाभींच्या मोबाइलवर तसलीच लिंक होती. वर मंत्र्यांचे फोटो, खाली आधार क्रमांकाबरोबर एटीएमचा पिनही मागितलेला! शासनाच्या संकेतस्थळाचा पत्ता 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' असा संपतो. इथे 'जीओव्ही'चा पत्ताच नव्हता. भाभींनी अजून काही भरले नव्हते, अल्लाहचा शुक्र.

'ओटीपी कोणाला देऊ नका' हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण खऱ्या ई-केवायसीतही आधारचा ओटीपी भरावाच लागतो. मग बाईने समजायचे काय? ओटीपी मागणारा कोण, हे आधी ओळखता आले पाहिजे.

म्हणून आम्ही टेबलावरचा पेपरच हातात घेतला. त्यात एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत मुद्रक-प्रकाशकाचे नाव आणि ठिकाण असते. १८६७ च्या कायद्याने ते छापणे बंधनकारक केले. कित्येक वर्षे पेपर वाचणाऱ्या एका चाचांनी ती ओळ त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. मग तीच ओळ मोबाइलवरच्या फॉरवर्डमध्ये शोधायला सांगितली. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. चाचा म्हणाले, "हदीस सांगणाऱ्याला आपण रावी विचारतो. इथं तर रावीच नाही." इतके सोपे करून आम्हाला सांगता आले नसते. (त्यांच्याच मोबाइलवर हवाला नसलेल्या हदीसींचे फॉरवर्ड ढिगाने होते, तो भाग वेगळा.)

भिंतीवर आम्ही १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन क्रमांक मोठ्या आकड्यांत लावला आहे. पैसे गेले तर तिथे लगेच फोन करायचा. लोक लाजेने दोन दिवस गप्प बसतात आणि तोवर रक्कम भलत्याच खात्यांतून पुढे सरकलेली असते.

अडचण राहते ती बायकांची. संध्याकाळी वाचनालय पुरुषांनी भरलेले असते, त्या दारातूनच विचारून निघून जातात. त्यांच्यासाठी रविवार दुपारचे दोन तास आम्ही मागून घेतले आहेत. किल्ली कोणाकडे ठेवायची, एवढे ठरायचे आहे.